उजवीकडून ओव्हरटेक कसे करावे

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून पुढची गाडी ओलांडायची ती उजवीकडून. पुढच्याने उजवीकडे वळायचा इशारा देऊन गाडी रस्त्याच्या मध्याकडे घेतली असेल, तर डावीकडून जाता येते. थांब्यावरच्या बेस्ट बसच्या डावीकडून मात्र कधीच जाऊ नका. बस आणि फुटपाथ यांच्यातल्या ज्या फटीत बाइक घुसते, तिथेच प्रवासी उतरत असतात.

१. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवा. डंपरला चिकटलात तर पुढचा रस्ताच दिसत नाही.

२. आधी आतला आरसा, मग उजवा आरसा, शेवटी मान वळवून उजव्या खांद्यावरून एक नजर. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात मुंबईत हमखास दुचाकी असते.

३. उजवा इंडिकेटर गाडी वळवण्याच्या तीन सेकंद आधी द्या. वळवताना दिलेला इंडिकेटर मागच्याच्या काही कामाचा नाही.

४. आतल्या आरशात मागे टाकलेली गाडी पूर्ण दिसली की डावा इंडिकेटर देऊन लेनमध्ये या. घाईने आत घुसलात तर मागचा दुचाकीवाला करकचून ब्रेक दाबतो आणि पावसात घसरतो.

मढ-मार्वेसारख्या अरुंद, दुतर्फी रस्त्यावर खरा प्रश्न अंतराचा. बस १२ मीटर लांब, तुमची गाडी ४ मीटर, बसचा वेग ताशी ४० किलोमीटर आणि तुमचा ५० धरा. मागेपुढे दहा-दहा मीटर सोडून ती ओलांडायला सुमारे १३ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १८० मीटर जाता आणि त्याच वेगाने समोरून येणारी गाडीही तेवढीच जवळ येते. म्हणजे ३६० मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा. तो दिसत नसेल तर बसच्या मागेच राहा.

वळण, चढाचा माथा, चौक, अरुंद पूल आणि सलग रेघ असेल तिथे ओव्हरटेक नाही. झेब्रा क्रॉसिंगवर तर मुळीच नाही, कारण पुढची गाडी कुणा पादचाऱ्यासाठी थांबलेली असू शकते. धोकादायक ओव्हरटेक मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये मोडते. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

तुम्हाला कुणी ओलांडत असेल तर वेग वाढवू नका. समोरून गाडी आली आणि त्याचा अंदाज चुकला, तर ब्रेक हलका दाबून त्याला आत येऊ द्या.