या चुका टाळा: खिंडसीतली कयाक समुद्राच्या लाटांत घालताना

आमच्या सहा जणांच्या टोळीला रामटेकजवळच्या खिंडसी तलावात कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीवर, बसून गळ टाकायचा चार वर्षांचा सराव. रोहू, कतला, कधी नशीब असलं तर मरळ. तेवढ्या जोरावर आम्ही एका कोजागरीला पिकअपमध्ये सहा कयाक बांधून मालवणकडे निघालो. हजारएक किलोमीटरचा रस्ता आणि डोक्यात फक्त सुरमई. पहिल्या दिवशी लाटा ओलांडून आत पोहोचलो दोघंच. उरलेले चौघं किनाऱ्यावर वाळू थुंकत बसले होते.

तलावात उतरणं असं काही वेगळं नसतंच. कयाक ढकलली, बसलो, निघालो. समुद्रात मात्र काठापासूनचे पहिले तीस-चाळीस मीटरच सगळी परीक्षा घेतात. पुढच्या बहुतेक चुका त्या पट्ट्यातल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

सुट्टी पाहिली, तिथी नाही

कोजागरी म्हणजे पौर्णिमा, आणि पौर्णिमा म्हणजे उधाण. रात्री वाळूत बसून दूध आटवलं, गप्पा झाल्या, सकाळी उठायला उशीर झाला. साडेदहाला पाण्याशी गेलो तेव्हा भरती जवळजवळ पूर्ण होती. बऱ्याच किनाऱ्यांवर वाळूचा वरचा भाग उतरता असतो. भरतीचं पाणी तिथवर चढलं की लाट लांबून फेसाळत येत नाही, थेट पायाशी आपटते. कंबरभर उंचीची लाट, पण ती आपटताना कयाकचं पुढचं टोक उचलून आम्हाला मागे फेकत होती.

कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईकडचा आणि ढोबळ आहे. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच. पण नागपुरात बसून रजा टाकताना एवढं गणित पुरतं. नवख्यांनी सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे दिवस निवडावेत. तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते. लाटांची उंची मात्र तिथीवर ठरत नाही. ती हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या सागरी अंदाजात बघायची. अर्ध्या मीटरच्या वर आकडा दिसला तर पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी त्या दिवशी किनाऱ्यावरच मासळीचं जेवण जेवावं.

सपाट पाणी दिसलं की तिथूनच घुसणं

ही चूक माझी. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या आणि मधे वीसेक फुटांचा पट्टा अगदी शांत. मी म्हटलं, चला राजेहो, दार उघडंच आहे. मागे जाळं उकलत बसलेला एक म्हातारा रापणकर (रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओरडला, "अरे थंय नको, थंय पाणी ओढता!" लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला अशीच वाट शोधतं. तिथे लाट फुटत नाही, कारण तळ खोल असतो आणि पाणी आत धावत असतं. जाणकार लोक याच ओढीवर बसून आत जातात हे खरं आहे. पण आपल्यातला कोणी तिथे कयाकमधून पडला तर तोही आत जातो. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या, मग लाटांबरोबर परत या.

कुठेही उतरा, आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत उभं राहा. लाटा टोळीने येतात. काही मोठ्या, मग थोडा निवांतपणा, पुन्हा मोठ्या. तो निवांतपणा किती टिकतो हे घड्याळावर मोजा. त्याच वेळी किनाऱ्यावरच्या माणसांशी बोलूनही घ्या. रापण लागली असेल तर तिच्या दोरांवरून कयाक नेणं म्हणजे कोणाच्या तरी दिवसभराच्या कमाईवर पाय देणं. आणि मालवणजवळ असाल तर 1987 साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य कुठून कुठपर्यंत आहे ते विचारून मगच गळ टाका.

सहाच्या सहा एकदम

सगळ्यात महागात पडलेली चूक ही. तलावात आम्ही रांगेत निघायचो, इथेही तसेच निघालो, दोन-दोन हातांच्या अंतराने. पहिली लाट आली, मधल्याची कयाक आडवी झाली आणि पस्तीस किलोचं ते धूड शेजारच्याच्या गुडघ्यावर जाऊन बसलं. पुढचे दोन दिवस तो लंगडत होता.

एका वेळी एकच. सगळ्यात सराव असलेला पहिला जातो, लाटांच्या पलीकडे थांबतो आणि तिथून हाताने खुणा करतो. दुसरा सराईत माणूस सगळ्यात शेवटी निघतो, कारण किनाऱ्यावर उरलेल्या नवशिक्याची कयाक धरायला कोणीतरी लागतंच. गुडघाभर पाण्यात कयाकचं टोक लाटेकडे सरळ धरायचं, लहान लाट खालून जाऊ द्यायची, बसायचं आणि वल्हं मारत सुटायचं. समोर लाट उभी राहिली की हात आपोआप थांबतो. नेमकं तेव्हाच थांबायचं नसतं. पुढे वाकून लाटेच्या अंगात वल्हं रोवून ओढायचं. वेग गेला की लाट मागे ढकलते, मागे गेलं की कयाक आडवी होते. आडवी झालीच तर शरीर लाटेच्या बाजूला झुकवा. किनाऱ्याकडे झुकलात की उलटलातच.

रॉड उभे, डब्याचं झाकण सैल

रॉड होल्डरमध्ये उभे रॉड फोटोत छान दिसतात. आमच्या एका भाऊचा उभा रॉड कयाक पालथी झाल्यावर वाळूत रुतला आणि 'कट्‌' आवाज करून मधोमध तुटला. लाटा पार होईपर्यंत रॉड आडवे, पट्ट्यांनी बांधलेले, गळ काढून डब्यात. उघडे गळ लोळणाऱ्या माणसाच्या दंडात शिरतात. वल्हं कयाकला बांधणारी दोरीसुद्धा लाटा पार होईपर्यंत काढून ठेवा, ती पायात गुंतते. लाइफ जॅकेट वाळूवरच घालून पट्टे आवळायचे, आणि शक्य असेल तर हेल्मेटही. पाणी काढायचं बूच आणि झाकणं दोघांनी तपासायची. आत शंभर लिटर पाणी शिरलं तर शंभर किलो वाढले, आणि ते आत घुसळत राहतात.

उलटल्यावर परत चढायचा सराव मात्र नागपूरकडेच करून घ्या. खिंडसीत, परवानगी घेऊन, खोल पाण्यात मुद्दाम पडून, प्रत्येकाने दहा वेळा. पालथी कयाक सरळ करायची, पोटावर आडवं चढायचं, वळून बसायचं. ज्याला हे शांत पाण्यात जमत नाही, त्याला समुद्रावर नेऊ नका. मग तो पिकअपचा मालक का असेना.

परतीची घाई

निघताना लाट समोरून दिसते, परत येताना ती पाठीमागे असते. म्हणून परतणं जास्त अवघड. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी गुळगुळीत दिसतं, आणि नकळत आपण लांब जातो. दुपारी खारे वारे सुटले की लाटा वाढतात. मासा लागो न लागो, अकरापर्यंत किनाऱ्याकडे तोंड वळवा. लाटांच्या बाहेर थांबून मोठी टोळी जाऊ द्या, मग शेवटच्या लाटेच्या पाठीवर राहून या. तिच्या पुढे गेलात तर कयाकचं टोक खाली घुसतं आणि मागचा भाग डोक्यावरून येतो. उतरताना समुद्राच्या बाजूने उतरा. कयाक आणि किनारा यांच्या मधे कधीही उभं राहू नका, पुढची लाट ती कयाक तुमच्या मांड्यांवर आणून आदळते.

मोजणी करायला एक माणूस किनाऱ्यावर ठेवा. त्याच्याकडे कोण किती वाजता परतणार ते लिहिलेलं असावं, आणि फोनमध्ये तटरक्षक दलाचा 1554 आणि 112 हे क्रमांक.

आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ओहोटीच्या पसरट वाळूवरून, एकेक करत सगळे आत गेलो. सुरमई मिळाली नाही. चार बांगडे आले, आणि एक शिंगाळा, ज्याचा विषारी काटा मी मरळीच्या सवयीने उघड्या हाताने धरला. बोट तासभर सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून बसलो तेव्हा ठणका उतरला. त्या गडबडीत तलावातले रील गोड्या पाण्याने धुवायचे राहून गेले. नागपूरला पोहोचेपर्यंत दोन रीलचे हँडल फिरायचे बंद झाले होते.