पांढऱ्या अळंब्याचं चिनी गोड सूप: चिकाचं गणित

हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताकडे जेवणानंतर वाटीभर गोड सूप घेतात. त्याला ते 'थोंग सुई' म्हणतात, शब्दशः साखरपाणी. त्यातलं पांढऱ्या अळंब्याचं (इंग्रजीत स्नो फंगस; नेहमीचं बटण मशरूम नव्हे) सूप घरी करायला सोपं आहे, फक्त घाई नको.

वाळलेलं अळंबं साधारण १५ ग्रॅम घ्या. पांढरंशुभ्र टाळा, ते गंधकाची धुरी दिलेलं असू शकतं; फिकट पिवळसर, आंबूस वास नसलेलं चांगलं. गार पाण्यात तास-दीड तास भिजवा. रात्रभर बाहेर मात्र कधीच ठेवू नका: भिजलेल्या अळंब्यात जिवाणू वाढून जे विष तयार होतं, ते उकळूनही जात नाही.

आता खरी गोम. देठाकडचा पिवळा, कडक भाग कापून टाका आणि बाकीचं हातानं अगदी बारीक तोडा. जितके बारीक तुकडे, तितका चीक, म्हणजे सूप दाट करणारा बुळबुळीत रस, लवकर सुटतो. दीड लिटर पाण्यात हे तुकडे आणि मूठभर भिजवलेल्या कमळबिया घालून उकळी आणा आणि मंद आचेवर दीड-दोन तास ठेवा. कमळबीतला हिरवा कोंब आधी काढा, तो कडू असतो. मखाणे इथे चालत नाहीत, ते वेगळं बी. पळीवरून सूप तारेसारखं ओघळलं की झालं.

बिया काढलेली आठ-दहा चिनी लाल बोरं शेवटच्या अर्ध्या तासात. खडीसाखर आणि चमचाभर गोजी बेरी (वाळलेली छोटी लाल फळं) अगदी शेवटी, पाच मिनिटं. जास्त शिजली की गोजी आंबटते. हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात गार.