थॅलेसिमिया आणि हृदय: भावाबहिणीला एकाच मापानं मोजू नका, या चुका टाळा

माझी दोन्ही लेकरं थॅलेसिमिया मेजरची, म्हणजे अंगात पुरेसं रक्त न बनणाऱ्या जन्मजात आजाराची. दर तीन आठवड्यांनी परभणीहून पहाटेची गाडी धरून आम्ही रक्त चढवायला छत्रपती संभाजीनगर गाठतो. चढवलेल्या रक्तातलं लोह अंगात साचत जातं. लेकीचं फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, कायम भावापेक्षा जास्त, म्हणून माझा सगळा घोर तिचाच. दम मात्र लागायला लागला सोळा वर्षांच्या मुलाला. दोघांचा हृदयाचा एमआरआय केला, तर हृदयातलं लोह जवळपास सारखंच निघालं. तिचं हृदय नीट चाललं होतं, त्याच्या हृदयाची ताकद घटली होती.

मग कळलं की हे आमच्याच घरातलं नाही. इटलीतल्या रुग्णांच्या एमआरआयचा एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात बाया आणि पुरुषांच्या हृदयात लोह सारखंच होतं, पण हृदयविकार पुरुषांत जास्त होता. लोहामुळे पेशींवर जो ऑक्सिडेशनचा ताण येतो, तो बाईचं हृदय जास्त सोसत असावं, असं संशोधकांचं म्हणणं आहे. म्हणून ‘बहिणीपेक्षा याचं कमी आहे’ या समाधानावर मुलाची तपासणी पुढं ढकलू नका. मी ढकलली होती.

याची दुसरी बाजू म्हणजे ‘मुलींचं लोह पाळीतून निघून जातं’ हा समज. वॉर्डात बसलेल्या आयांकडून मी हे कितीदा ऐकलंय. हिशोब करून बघा. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह अंगात जातं, आणि एका पाळीत साधारण पंधरा-वीस मिलिग्रॅम जातं. त्यातही आपल्या कितीतरी मुलींना पाळी येतच नाही, कारण पाळीचं चक्र चालवणाऱ्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतही लोह साचतं. मुलगी जास्त सोसते, याचा अर्थ तिच्या हृदयाला धोका नाही असा होत नाही. तिचीही लोह उतरवणारी गोळी चुकवायची नाही.

‘इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल आहे’ यावरही निर्धास्त राहू नका. हृदय बरंच बिघडेपर्यंत इको चांगलाच येऊ शकतो. फेरिटिनवरूनही हृदयाचा अंदाज लागत नाही, कारण यकृतातलं लोह कमी झालं तरी हृदयातलं तसंच राहू शकतं. त्यासाठी हृदयातलं लोह मोजणारा टी-टू-स्टार एमआरआय लागतो. त्याचा आकडा वीसच्या खाली आला, तर हृदयात लोह आहे. दहाच्या खाली आला, तर हृदय निकामी होण्याचा धोका फार वाढतो. इथं आकडा जितका लहान तितकं वाईट, फेरिटिनच्या अगदी उलट. घरात रिपोर्ट वाचताना हमखास गोंधळ होतो तो इथंच.

आता रोजची चूक. लोह उतरवणारी डेफेरासिरॉक्सची विरघळणारी गोळी पाण्यात ढवळून दिली की आपलं काम झालं, असं वाटतं. ग्लास उजेडात धरून बघा, तळाला आणि कडेला पांढरा गाळ चिकटलेला दिसेल. तो औषधच आहे. थोडं पाणी घालून, खळखळून तेही पाजायचं. आमच्याकडं तो गाळ कित्येक महिने मोरीत गेला. वयात आलेली मुलं गोळी लपवतात तेही ध्यानात असू द्या. ओरडू नका, पण समोर बसून घ्यायला लावा.

शाळेत मिळणारी लोहाची गोळी, लहान वर्गांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, आपल्या लेकरांसाठी नाही. बाई चांगल्या मनानंच देतात, म्हणून वर्ग सुरू होतानाच डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हाती द्या. थकवा दिसला म्हणून रक्तवाढीचं टॉनिक आणू नका. व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही डॉक्टरांना न विचारता देऊ नका. त्यानं साठलेलं लोह मोकळं होऊन हृदयावर येऊ शकतं. डेफेरिप्रोन हे लोह उतरवणारं दुसरं औषध चालू असताना ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासून घ्या.

छातीत धडधड, पायावर सूज, आडवं पडल्यावर दम, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या रक्ताच्या तारखेची वाट बघू नका. तालुक्याच्या दवाखान्यात गेलात, तर आधी थॅलेसिमियाची फाईल पुढं करा. असं थकलेलं हृदय लोह उतरवण्याचा उपचार नेटानं केला तर पुष्कळदा सावरतं. माझ्या मुलाच्या पोटाच्या कातडीत रोज रात्री लोह उतरवणाऱ्या औषधाच्या पंपाची सुई लागते, सोबत गोळ्या आहेत. वर्षभरात त्याच्या एमआरआयचा आकडा तेरावरून सतरावर आला. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे, दोघांचाही.