जुनिपर बोन्साय आणि खान्देशचा उन्हाळा: या चुका टाळा

जुनिपरची (बोन्सायसाठी वापरतात ते बारीक पाल्याचं सदाहरित झाड) सगळ्यात वाईट खोड म्हणजे तो मेला तरी लवकर कळू देत नाही. मुळं संपलेली असतात, पण पाला पुढे कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. थंडीत तर त्याहूनही जास्त. मग एप्रिलमध्ये झाड एकाएकी तांबूस पडतं आणि माणूस म्हणतो, "काल तर चांगलं हिरवंगार होतं भाऊ!" काल हिरवं होतं हे खरं, पण ते संपलं होतं फेब्रुवारीत. आणि आपण एप्रिलमध्ये धावपळ करून पाणी वाढवतो, खत घालतो, कापसावर मारायचं औषध त्याच्यावर मारतो.

म्हणून जुनिपर बिघडला की आधी मागच्या दीड-दोन महिन्यांत त्याच्याबरोबर काय काय केलं ते आठवायचं. कालचं-परवाचं नंतर. रंगावर फार विसंबू नका, हाताने बघा. जिवंत पाला बोटांत लवचिक आणि किंचित गार लागतो. मरू घातलेला पाला हिरवा असूनही खरखरीत लागतो, चोळला की चुरा होतो आणि त्याचा हिरवा राखाडीकडे झुकतो. खात्री करायची तर फांदीची साल नखाने थोडीशी खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर आशा आहे. तपकिरी आणि कोरडं निघालं तर ती फांदी गेली. बुंध्यावरही तसंच निघालं तर कुंडी मोकळी करा आणि पुढच्या रोपाच्या तयारीला लागा.

संक्रांत धरा, मार्च सोडा

आपल्याकडे जुनिपर मरतात ते बहुतेक कुंडी बदलण्याच्या वेळेमुळे. पुस्तकं आणि व्हिडिओ सांगतात की वसंत लागताना, मार्च-एप्रिलमध्ये कुंडी बदला. ज्या देशांतून हा सल्ला येतो तिथे तो बरोबरच आहे, कारण जपानमध्ये मार्चनंतर दोन-तीन महिने सौम्य हवा असते. आपल्याकडे मार्चनंतर काय असतं ते जळगाव-भुसावळवाल्यांना सांगायला नको. मार्चअखेर पारा चाळिशीला टेकतो, मे महिन्यात 44-45 च्या घरात जातो आणि वर कोरडा वारा. कापलेल्या मुळांना नवीन पांढरी तोंडं फुटून ती कामाला लागायला साधारण सहा ते आठ आठवडे हवेत. तेवढा गारवा शिल्लक असताना कुंडी बदलायची, एवढंच गणित आहे. म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, संक्रांतीच्या आगेमागे. तोरणमाळसारख्या उंचावर राहत असाल तर फेब्रुवारीतही चालून जाईल. रावेर, चोपडा, शिरपूर, अमळनेर या पट्ट्यात नाही.

पावसाळ्यातही नको. वड, पिंपळ, उंबर पावसाळ्यात खुशाल उचला, ते कसेही जगतात. जुनिपरची ताजी कापलेली मुळं आठ-आठ दिवस ओल्या मातीत राहिली की कुजतात. आणि पुन्हा तेच, हे कळणार दसऱ्याला.

किती वर्षांनी बदलायची? वाढतं, तरुण झाड असेल तर दोन-तीन वर्षांनी, जुनं आणि आकाराला आलेलं असेल तर तीन ते पाच वर्षांनी. पण वर्षं मोजण्यापेक्षा कुंडी बघा. पाणी वरच तुंबून राहतं, झाड कुंडीतून थोडं वर उचलल्यासारखं दिसतं, भोकातून मुळं डोकावतात, अशी लक्षणं दिसली की त्या हिवाळ्यात बदलायचं. लक्षणं नसतील तर दोन वर्षं झाली म्हणून उगाच उपटू नका.

आता नर्सरीतून आणलेल्या रोपाबद्दल, कारण सुरुवात तिथूनच होते. पिशवीतलं रोप बऱ्याचदा तांबड्या चिकण मातीत लावलेलं असतं. पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमकडून ट्रकने येतात. ती माती एकदा पूर्ण सुकली की विटेसारखी होते. वरून पाणी घातलं तर ते कडेकडेने खाली निघून जातं, भोकातून वाहताना दिसतं, आपल्याला वाटतं झाड भिजलं. आतला गोळा कोरडाच! एक बांबूची काडी मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी काढून बघा. कोरडी निघाली तर अख्खी पिशवी बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत.

हा चिकण गोळा काढायलाच हवा, पण एका बैठकीत नाही. सगळी माती पाइपने धुऊन मुळं उघडी करायची पद्धत पानं गाळणाऱ्या झाडांना सोसते, जुनिपरला सोसत नाही. त्याच्या मुळांशी एक बुरशी नांदते.  तो रोग नाही, ती मुळांना पाणी आणि अन्न ओढायला मदत करते. तिच्यासकट सगळं धुतलं की झाड उघड्यावर पडतं. म्हणून यंदा गोळ्याचा एक अर्धा भाग काडीने मोकळा करून तिथे नवीन मिश्रण भरायचं आणि दुसरा अर्धा तसाच ठेवायचा. तो दोन वर्षांनी. मुळं एकूण एक तृतीयांशाहून जास्त कापायची नाहीत, गोल फिरलेली आणि सरळ खाली गेलेली जाड मुळं आधी.

झाड नव्या कुंडीत बसवलं की तळाच्या भोकांतून तार घेऊन ते घट्ट बांधा. ही पायरी गाळणारे खूप. बांधलं नाही तर वाऱ्याने झाड हलतं आणि फुटलेली कोवळी मुळं रोज तुटत राहतात. मिश्रण काडीने टोचून टोचून मुळांमध्ये उतरवा, पोकळी राहू देऊ नका. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या. मग तीन-चार आठवडे वाऱ्याच्या आडोशाला, सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा. खत दीड महिना तरी नाही. आणि त्याच हिवाळ्यात जोरदार छाटणी नाही, मोठ्या फांद्या वाकवणं नाही. एका वर्षात एकच मोठं काम. हा नियम पाळणाऱ्यांची झाडं जगतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

काळी माती केळीला सोन्यासारखी, कुंडीत वैरीण

आपल्याला आपल्या जमिनीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. शेतात तिला पसरायला जागा असते. चार इंच खोल ट्रेमध्ये ती फुगते तेव्हा मुळांना हवा मिळत नाही, भेगाळते तेव्हा बारीक मुळं तुटतात. म्हणून काळी माती अजिबात नको, "थोडीशी कसाला" म्हणूनही नको.

मिश्रण साधं ठेवा. चांगल्या भाजलेल्या विटेचा चुरा, दोन ते पाच मिलिमीटरचा, निम्म्याहून जास्त. जाड वाळू त्याच्या निम्म्याने. शिवाय थोडं कोकोपीट आणि मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन्ही मिळून पाचव्या हिश्शाच्या आत. थंड देशातल्या कृतींत सेंद्रिय भाग जवळजवळ शून्य असतो, पण आपल्याकडे मे महिन्यात तशी कुंडी दुपारपर्यंत कोरडी ठाक होईल. विटेची पूड मात्र चाळून पूर्ण काढा, ती राहिली तर तळाशी जाऊन लगदा होतो. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. वाळूचे भाव हल्ली विचारायची सोय नाही, पण शेजारी कुठे प्लास्टर चाललं असेल तर गवंडी वाळू चाळून वरचे खडे बाजूला टाकतात. आपल्याला तेच हवे असतात, घमेलं घेऊन जा.

पाणी: टाकी, बोअर आणि कूलर

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हात पोळेल इतकं तापतं. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी तर विचारूच नका. तेच पाणी उथळ कुंडीत थेट मुळांवर जातं. पहाटेच बादल्या भरून सावलीत ठेवा आणि संध्याकाळी ते पाणी वापरा.

दुसरी गोष्ट कूलरची. टाकी रिकामी करताना ते पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून झाडांना घालतात. कूलरमध्ये पाण्याची वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. आधीच जड असलेलं बोअरचं पाणी तिथे आठवड्यात आणखी जड होतं. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर साचतो तो बघा, तेच तुम्ही कुंडीत ओतताय. कुंडीच्या काठावर पांढरी कड दिसू लागली आणि पाल्याची फक्त टोकं तपकिरी होऊ लागली तर कारण बहुधा हेच. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. नाही तर महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्या, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातील.

पाणी घड्याळावर देऊ नका, बोट खुपसून बघा. झडीच्या दिवसांत कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा घालून ती तिरपी ठेवा, साचलेलं पाणी निथळून जातं. खाली पाण्याची थाळी ठेवायची सवय मोडा.

ऊन

हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेला जुनिपर मरतोच. पाहुणे येणार असतील तर एक दिवस आत आणा, दुसऱ्या दिवशी बाहेर. वर्षभर त्याला भरपूर ऊन हवं, फक्त मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत सकाळी दहानंतर 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट. कुंडी गच्चीच्या तापलेल्या सिमेंटवर न ठेवता विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. पाल्यापेक्षा मुळं भाजण्याची भीती जास्त असते.

लाल कोळी

कापूस-वांगी पिकवणाऱ्यांना लाल कोळी ओळखीचा आहे. कोरड्या उन्हाळ्यात तो जुनिपरवर हमखास येतो. पाला निस्तेज, धुळकट, पिवळसर ठिपक्यांचा दिसतो आणि आपण म्हणतो धूळ बसली. पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. ठिपके चालू लागले आणि बोटाने पुसल्यावर तांबूस रेघ उमटली, तर कोळीच. घरात शिल्लक असलेलं इमिडाक्लोप्रिड मारू नका. ते मावा-तुडतुड्यांचं औषध आहे, कोळी त्याने मरत नाही, कधी कधी उलट वाढतो. पाण्याचा जोरदार फवारा पाल्याच्या आत-बाहेर, खालून वरून, एक दिवसाआड दोन आठवडे मारा. बरेचदा एवढ्यानेच भागतं. पाण्यात विरघळणारं गंधक चालतं, पण तापमान 32 अंशांच्या वर असेल तर पाला जळतो. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये त्याचं नावच नको.

कात्री, खत, तार

नखांनी सगळ्या फांद्यांचे शेंडे खुडत बसणं ही जुनी सवय. झाडाची ताकद शेंड्यांत असते, सगळे खुडले की ते अशक्त होतं, खुडलेली टोकं तपकिरी पडतात. लांबलेली डहाळी आतून, तिच्या फुटव्यापाशी कात्रीने कापा. कापताना मागे हिरवा पाला राहिलाच पाहिजे, जुनिपरच्या उघड्या लाकडावर सहसा नवा फुटवा येत नाही. खवल्यांसारख्या मऊ पाल्याच्या झाडावर अचानक टोचरी सुयांसारखी पालवी आली तर तो रोग नाही, छाटणी जास्त झाल्याचं लक्षण आहे. वर्षभर कात्री बाजूला ठेवा. आतला जुना पाला थोडाथोडा वाळून गळणंही नैसर्गिक आहे, त्याला औषध नको.

बुंधा जाड व्हायच्या आधीच देखण्या ट्रेमध्ये लावायची घाई करू नका. ट्रेमध्ये गेलं की वाढ मंदावते. बारीक रोप तीन-चार वर्षं मोठ्या कुंडीत मोकळं वाढू द्या, खालची एखादी फांदी न कापता सोडा, बुंधा भरतो. ती फांदी नंतर काढता येते.

खत म्हणजे निंबोळी पेंड, हाडांची पूड, नाहीतर ठिबकमधून सोडतो ते 19:19:19 लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, पावसाळ्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पंधरा दिवसांतून एकदा. युरिया किंवा डीएपीचे दाणे कुंडीत टाकू नका.

तार अॅल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची. थंडीत बांधलेली तार पावसाळ्यात फांदी जाड झाल्यावर सालीत रुतते. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या तारा एकदा बघून घ्या. रुतलेली दिसली तर उलगडायच्या भानगडीत न पडता कटरने प्रत्येक वेढा कापून काढा, नाहीतर तारेबरोबर सालही निघेल.