रात्रीचं ब्रश चुकवू नका
सकाळी सगळेच दात घासतात हो, पण कीड जोर धरते ती रात्री, झोपेत लाळ कमी होते आणि दाढेत अडकलेला मिसळीचा पाव तसाच राहतो. झोपायच्या आधी 2 मिनिटं काढाच. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला 45 अंशात तिरका धरायचा, हलक्या हाताने छोटे गोल फिरवायचे, खसाखसा घासलं की हिरड्या सरकतात आणि मग गार पाण्याने दात शिवशिवतात. फ्लोराईडची पेस्ट थुंका पण लगेच चूळ नको, फ्लोराईड धुऊन जातं. दातांच्या फटीत फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा बारीक दोरा, फिरवा. आपल्या नाशकात सीझनला घरोघरी द्राक्षं, ती आंबट, खाल्ल्यावर अर्ध्या तासाने ब्रश करा. तंबाखूची मिश्री दातांना लावणं बंदच. पोरांचे दात 7-8 वर्षांपर्यंत आपणच घासायचे, मी लेकीचं डोकं मांडीवर घेते, मागच्या दाढा नीट दिसतात.