दूरच्या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर कसं काढायचं?

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका. सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो आणि उत्तर हमखास चुकतं. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक सिंगापूरवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो घसरत घसरत थेट उत्तर ध्रुवाजवळ जाऊन बसेल. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच. त्याला बृहत् वृत्ताचा मार्ग म्हणतात.

आता आकडा काढू. आधी विमानतळ नक्की करा, नुसतं शहराचं नाव पुरत नाही. टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन आहेत, दोघांत साधारण ६० किलोमीटरचं अंतर. मग दोन्हींचे अक्षांश-रेखांश दशांशात लिहून घ्या. दक्षिण आणि पश्चिम असेल तिथे उणे चिन्ह लावायला विसरू नका, बहुतेक चुका इथेच होतात.

सिंगापूरचा चांगी विमानतळ: १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक जवळजवळ १७८ अंश, म्हणजे दोन्ही ठिकाणं पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना. अशा वेळी ध्रुवावरून गेल्यासारखा सोपा हिशेब चालतो. ध्रुव ९० अंशांवर असतो, त्यातून अक्षांश वजा करा: चांगीपासून ध्रुव ८८.६४ अंश, तिथून जेएफके ४९.३६ अंश; बेरीज १३८. एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल (सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा), म्हणून ८,२८० नॉटिकल मैल. त्याला १.८५२ ने गुणलं की सुमारे १५,३३५ किलोमीटर. कागद-पेन्सिलीवर इतकं जवळचं उत्तर येतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

इतर जोड्यांसाठी पूर्ण सूत्र लागतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार त्यात मिळवा. बेरजेचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹, एक्सेलमध्ये ACOS) म्हणजे दोन ठिकाणांमधला कोन. तो अंशांत असेल तर वरच्यासारखंच ६० आणि १.८५२ ने गुणा. एक्सेलमध्ये करत असाल तर अंशांचे आधी रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करून घ्या आणि आलेल्या कोनाला थेट ६,३७१ ने, म्हणजे पृथ्वीच्या किलोमीटरमधल्या सरासरी त्रिज्येने, गुणा. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो.

हे झालं कमीत कमी अंतर. विमान प्रत्यक्षात याहून जास्तच उडतं, कारण वैमानिक पाठीमागून येणारा वारा शोधतात आणि बंद हवाई हद्द टाळतात. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो प्रवास सुमारे ९ तासांवरून १३ तासांच्या आसपास गेला. दोन्ही विमानतळ होते तिथेच आहेत. म्हणून खरं उड्डाण-अंतर हवं असेल तर विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच उड्डाणाचे चार-पाच दिवसांचे मार्ग पाहा आणि आपल्या आकड्याशी ताडून बघा.