जड ट्रेलर ओढण्याआधी : डिझेल पिकअपचं एक्झॉस्ट तापमान आटोक्यात ठेवण्याची तयारी

डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती डिझेल किती फवारलं जातं यावर. मागे जड ट्रेलर आणि समोर चढण असली की पाय खाली दाबला जातो आणि डिझेल वाढतं. हवा त्या मानाने वाढली नाही, तर जळण लांबतं आणि एक्झॉस्ट झडप उघडेपर्यंत चालूच राहतं. पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायला हवी होती ती उष्णता मग मॅनिफोल्डमधून (सगळ्या सिलिंडरांचा जळका वायू गोळा करणाऱ्या बिडाच्या नळीतून) थेट टर्बोत, म्हणजे त्याच वायूवर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्यात शिरते. म्हणून तयारीचं सूत्र दुहेरी आहे : इंजिनाला पूर्ण आणि थंड हवा मिळाली पाहिजे, आणि ओझं कमी डिझेलमध्ये ओढता आलं पाहिजे. नवे पार्ट विकत घेण्याचा विचार या दोन्ही गोष्टी तपासून झाल्यावरच करा. तापमान वाढतंय म्हणून येणाऱ्या बऱ्याचशा गाड्यांत दोष फाटक्या होजचा, माखलेल्या इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा) किंवा उगाच वरच्या गिअरमध्ये दामटण्याचा निघतो.

सुरुवात मापनापासून करा. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो आणि तो फार उशिरा हलतो. एक्झॉस्ट तापमान मात्र पंधरा-वीस सेकंदांत दोनशे अंशांनी चढू शकतं. नव्या पिकअपमध्ये कंपनीनेच बसवलेले सेन्सर असतात आणि ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कंप्युटरला जोडून आकडे दाखवणाऱ्या उपकरणावर) ते वाचता येतात. फक्त कुठला सेन्सर कुठे आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. काजळीच्या फिल्टरजवळचा सेन्सर फिल्टर स्वतःला साफ करत असताना सहज साडेपाचशे ते साडेसहाशे अंश दाखवतो. ते नेहमीचं आहे, त्याचा पिस्टनशी संबंध नाही. तुम्हाला हवा तो आकडा टर्बोच्या आधीचा.

जुन्या गाडीत असा सेन्सर नसेल तर के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा प्रोब) लावून घ्या. जागा मॅनिफोल्डवर अशी निवडा, की जिथे शक्य तितक्या सिलिंडरांचा वायू एकत्र येतो. बहुतेक प्रोब एक अष्टमांश इंची पाइप थ्रेडचे असतात आणि त्यासाठी सुमारे ८.६ मिमीचं भोक लागतं. मॅनिफोल्ड उतरवून काम केलं तर उत्तमच. ते जमणार नसेल तर ड्रिलला आणि टॅपला जाड ग्रीस फासा, थोडं थोडं कापा, दर वेळी ग्रीसबरोबर आलेला चुरा पुसून काढा आणि शेवटी चुंबक फिरवा. बिडाचा चुरा फिरत्या टर्बाइनच्या पात्यांवर गेला तर पाती खरवडली जातात, त्यामुळे इथे घाई नको. प्रोबचं टोक वायूच्या प्रवाहाच्या मध्यावर यायला हवं, कडेला राहिलं तर आकडा कमी दिसतो. थ्रेडवर अँटी-सीझ पेस्ट लावा. थर्मोकपलची वायर अपुरी पडली म्हणून तांब्याची साधी वायर जोडू नका, कारण त्या जोडावर वेगळंच व्होल्टेज तयार होतं आणि काटा खोटं बोलायला लागतो. काही जण सोपं पडतं म्हणून प्रोब टर्बोच्या नंतर बसवतात. तिथला आकडा भाराखाली शंभर ते दोनशे अंश कमी असतो आणि हा फरक भारागणिक बदलतो, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही.

टर्बोआधी सलग ६७५ अंश सेल्सिअसपर्यंत चालवायला हरकत नाही. सातशेच्या वर काही सेकंद चालेल, त्याहून जास्त नाही. तुमच्या इंजिनासाठी निर्मात्याने वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याआधीच नरम पडतो. वायू सातशेवर असूनही पिस्टन टिकतो, कारण दर फेरीला ताजी हवा आत येते आणि खालून तेलाची धार त्याला गार करत असते. चढण लांबली की ही सवलत संपत जाते. आधी पिस्टनच्या माथ्याची कड झिजते, मग तिथे चीर जाते. मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचं घर तडकणं हा दुसरा नेहमीचा प्रकार.

आता हवा. सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो टर्बो ते इंजिन या वाटेवरच्या गळतीला. दीड-दोन बारचा दाब असलेल्या होजला बोटभर चीर गेली, तरी आयडलिंगला काहीच कळत नाही. भार आला की मात्र फुसफुस आवाज येतो, काळा धूर निघतो आणि तापमान पळत सुटतं. तपासणीसाठी एअर फिल्टरचा पाइप काढा, टर्बोच्या तोंडावर व्हॉल्व्ह असलेली टोपी क्लॅम्पने घट्ट बसवा आणि कॉम्प्रेसरमधून रेग्युलेटर लावून हळूहळू हवा भरा. गाडीचा नेहमीचा बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) असतो तिथपर्यंतच जा, त्यापुढे नको. तेल भरायची टोपी आधीच सैल करून ठेवा, कारण उघड्या झडपांतून थोडी हवा क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भागात) उतरते आणि दाब तुंबला तर ऑइल सील बाहेर ढकलले जातात. टोपीच्या समोर उभं राहू नका, निसटली तर गोळीसारखी येते. मग प्रत्येक जोडावर, इंटरकूलरच्या दोन्ही टाक्यांच्या कडांवर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर साबणाचं पाणी फवारा. फेस कुठे येतो ते दिसेलच. होज जिथे पाइपवर चढतो तिथे आतून तेलाचा ओशटपणा असतो आणि भाराखाली होज त्यावरूनच सरकतो. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने कोरडे करा आणि जुन्या पट्टी-क्लॅम्पऐवजी टी-बोल्ट क्लॅम्प लावा. होजच्या खालच्या बाजूला काळा चिकट डाग दिसला तर गळती तिथेच आहे असं समजून शोध घ्या. रबर आतून सुटलं असेल तर बाहेरून होज ठणठणीत दिसतो. म्हणून काढलेला होज आत बोट फिरवून बघायचा, पापुद्रा लागला की बदलायचा.

गळती नसेल तर इंटरकूलर. दीड-दोन बारपर्यंत दाबलेली हवा टर्बोतून निघताना दीडशे ते एकशे नव्वद अंशांपर्यंत तापलेली असते. धावत्या गाडीत चांगला इंटरकूलर ती बाहेरच्या हवेपेक्षा वीस-तीस अंश जास्त इतकी खाली आणतो. स्कॅनरवर इनटेक तापमान याहून खूप वर दिसलं तर समोरची जाळी बघा. एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक असतात. मधल्या फटीत किडे, गवताचं बी आणि चिखल बसतो आणि तो समोरून दिसत नाही. वरचं आवरण काढून, मागून पुढे, साध्या नळाच्या दाबाने धुवा. प्रेशर वॉशरने पत्रे वाकतात आणि मग तिथून हवा जायची बंद होते. इंजिनात जाणारी हवा जितके अंश गार झाली, साधारण तितकाच फरक एक्झॉस्टलाही पडतो, म्हणजे या अर्ध्या दिवसाच्या कामातून तीस-चाळीस अंश फुकट मिळू शकतात. पंख्याचा क्लचही आताच बघा. इंजिन गरम असताना पंखा जोर धरत नसेल, तर सावकाश चढणीवर या सगळ्या जाळ्यांतून हवाच ओढली जाणार नाही.

एअर फिल्टर हवेच्या झोताने झटकून परत लावू नका, कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ टर्बोत जाते. फिल्टरच्या डब्यावर रिस्ट्रिक्शन गेज (फिल्टर किती तुंबलाय ते दाखवणारा काटा) असेल तर २५ इंच पाण्याच्या खुणेआधीच फिल्टर बदला. मागच्या बाजूला म्हणजे सायलेन्सरकडे चेपलेला पाइप किंवा काजळीने भरलेला फिल्टर असेल तर वायू तुंबून तापमान चढतं. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक स्कॅनरवर दिसतो. तो जास्त असेल तर ट्रेलर जोडण्याआधी फिल्टर साफ करून घ्या. ईजीआर झडप (थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणारी) उघडी अडकली असेल तर ताज्या हवेची जागा जळका वायू घेतो. बदलत्या पात्यांचा टर्बो काजळीने अडकला असेल तर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांत अंतर पडतं. तेही स्कॅनरवरच पाहा. ईजीआर आणि काजळीचा फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळेल. तो बऱ्याच देशांत बेकायदा आहे, आणि धड चालणाऱ्या प्रणालीने ट्रेलर ओढता येत नाही असंही नाही.

इंधनाच्या बाजूला जास्त पॉवरचं ट्यूनिंग टाकलेलं असेल तर ट्रेलर लावण्याआधी इंजिनाच्या कंप्युटरमधली मूळ फाइल किंवा ओझ्यासाठी केलेली सौम्य फाइल परत टाका. रिकाम्या गाडीत मजा देणारी फाइल काही सेकंदच पूर्ण डिझेल देते, घाटात तीच दहा-पंधरा मिनिटं देत राहते. फवारणीची वेळ आधी ओढून तापमान कमी करता येतं, पण सिलिंडरमधला दाब वाढतो आणि बिल हेड गॅस्केटच्या नावाने येतं. इंजेक्टर ठिबकत असेल तर थेंब उशिरा जळतात आणि त्या सिलिंडरचा वायू एकटाच तापतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर आकडा घेतला तर असा सिलिंडर वेगळा पडतो. डिझेल फिल्टर नवा टाका आणि पाणी काढून घ्या.

ओझ्याचा हिशेब अंदाजाने करू नका, वजनकाट्यावर जा. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर अशी तीन वजनं घ्या आणि ती निर्मात्याने दिलेल्या जोडवजनाच्या (गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजनाच्या) आत आहेत का पाहा. बंपरखालच्या बॉल हिचला (ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला) ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार नाकावर यावा, याहून कमी असेल तर ट्रेलर शेपटी हलवतो. एकूण ७ टन वजन, ६ टक्के चढण आणि ताशी ८० किमी वेग असेल तर नुसतं वर चढण्यासाठी सुमारे १२० अश्वशक्ती लागते. हवेचा आणि टायरचा विरोध त्यात धरलेला नाही. तेच ताशी ५० ने गेलात तर ७५ च्या आसपास भागतं. सपाटीवर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून शंभरवरून ऐंशीवर आल्यावर हवा कापायला लागणारी ताकद जवळपास निम्मी होते. वेग कमी करण्याइतका खात्रीचा उपाय बाजारात मिळत नाही. ताडपत्री फडफडत असेल तर ताणून बांधा, टपावरचा कॅरिअर रिकामा असेल तर उतरवा.

टायरची हवा थंड असताना ट्रेलरच्या भाराप्रमाणे भरा. ट्रेलरचे ब्रेक घासत असतील तर इंजिन सगळा वेळ त्यांच्याशीच भांडत बसतं. पंधरा-वीस किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न लावता गाडी थांबू द्या आणि सगळ्या हबचं तापमान मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा खूप गरम निघाला तर ब्रेक अ‍ॅडजस्ट करा, नाहीतर बेअरिंगचं ग्रीस पाहा.

पाणी-मिथेनॉल फवारणी खरोखर तापमान खाली आणते, पण ती यादीच्या शेवटी. मिश्रणात मिथेनॉल निम्म्याहून जास्त नको. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, हे भरताना लक्षात असू द्या. फवारणी ठरावीक बूस्टनंतरच सुरू व्हावी. टाकी रिकामी झाली की तापमान पूर्वीच्या जागी जातं, त्यामुळे तिच्या भरवशावर ओझं वाढवू नका.

चढण सुरू होण्याआधी टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग) लावा किंवा खालचा गिअर टाका. इंजिन १६००-१७०० आरपीएमवर कण्हत असेल तर टर्बोला पुरेशी हवा देता येत नाही आणि डिझेल मात्र पडतच असतं. तोच वेग एक गिअर खाली, २२०० ते २६०० आरपीएमवर ठेवलात तर आवाज वाढतो, पण काटा बऱ्याचदा पन्नास-साठ अंशांनी उतरतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणारा भाग) लॉक झालेला राहील असा गिअर निवडा. काटा ६५० ला आला की पाय थोडा उचला, सातशेची वाट पाहू नका. समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर हवा जवळपास १८ टक्के विरळ असते, म्हणून खालच्या घाटात चाललेला वेग वरच्या घाटात चालेलच असं नाही. पाठीवरचा वारा असताना सावकाश चढलात तर रेडिएटरसमोर हवाच हलत नाही. तेव्हा पाण्याच्या काट्यावरही नजर ठेवा आणि गरज पडली तर एसी बंद करा.

थांबताना शेवटचे एक-दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवा आणि टर्बोआधीचा आकडा दोनशेच्या खाली उतरेपर्यंत इंजिन आयडलिंगला ठेवा. बहुतेक वेळा दोन ते पाच मिनिटं पुरतात. लगेच किल्ली फिरवली तर टर्बोच्या बेअरिंगमध्ये उभं राहिलेलं तेल जळून कोळसा होतं आणि पुढे तेलाची वाट अडते. वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका. काजळीच्या फिल्टरची सफाई मध्येच चालू असेल तर पाइपाखालचं गवत पेटू शकतं. पहिल्या भाराच्या फेरीनंतर, इंजिन गार झालं की बूस्टचे सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा, कारण नवा होज तापून बसला की क्लॅम्प सैल पडतो. त्याच वेळी ठरावीक चढणीवरचा गिअर, वेग, बूस्ट आणि तापमान लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच ओझ्याला, तशाच हवामानात, तिथे चाळीस-पन्नास अंश जास्त दिसले तर पुन्हा साबणाच्या पाण्यापासून सुरुवात करा.